उसवायचं काम

लोणावळ्याच्या बाजारात युनूस पिंजाऱ्याचं दुकान कुठं आहे, हे कुणाला विचारावं लागत नसे. कान उघडे ठेवले की पुरे. सकाळी आठाच्या सुमाराला त्याच्या पिंजणाची ताणलेली तात टणटण वाजायला लागायची आणि शेजारचा दाणेवाला "झाली सुरुवात!" म्हणून कपाळाला आठ्या घालायचा. युनूसला आपल्या पिंजण्याचा अभिमान होता. थोडाथोडका नव्हे, चारचौघांना त्रास व्हावा इतका. पाहुणा म्हणून कुणाच्या घरी गेला तरी बसायच्या आधी गादीवर तळवा दाबून बघायचा आणि यजमानाच्या तोंडावर विचारायचा, "कुणी पिंजली ही?" त्याची बायको अमिना अशा वेळी लाजेनं अर्धी व्हायची.

अभिमान खोटा मात्र नव्हता. लोणावळ्याचा पाऊस चार महिने नुसता कोसळतो. बंद बंगल्यांतल्या गाद्या ओल धरतात, कापसाचे गोळे होतात, आणि त्यावर निजलेला माणूस सकाळी पाठ धरून उठतो. उन्हाळ्यात मुंबईची मंडळी हवा खायला यायच्या आत त्या गाद्या उसवून, कापूस पिंजून, पुन्हा भरून ठेवायच्या, हा युनूसचा धंदा. त्याच्या हातून गेलेली गादी तीन पावसाळे दम धरायची, हे वलवणपासून खंडाळ्यापर्यंतच्या बंगल्यांचे सगळे माळी मान्य करत. माळ्यांनी एखादी गोष्ट मान्य करणं सोपं नसतं.

धंद्याची रीत त्याच्या अब्बांनी घालून दिलेली. गादी गिऱ्हाइकाच्या अंगणात, गिऱ्हाइकासमोर उसवायची. कापूस बाहेर काढताना मूठमूठ चाचपायचा आणि जे काही हाताला लागेल ते चटईच्या कोपऱ्यावर मांडायचं. बायकांच्या केसांचे आकडे, बटणं, एखादी किल्ली, पोराचा दुधाचा दात. एका बंगल्यात तर दातांची अख्खी कवळी निघाली होती, आणि ती आपली नव्हेच म्हणून घरातले तिघं जण शपथेवर सांगत होते. सगळा कापूस बघून झाला की म्हणायचं, "बघून घ्या, एवढंच होतं." मग गाठोडं बांधून दुकानी आणायचं.

युनूसला या कामाचा मनापासून कंटाळा होता. नाकातोंडात धूळ जायची, घरातली बाई आंघोळ आटपून बाहेर येईपर्यंत ओट्यावर ताटकळत बसायचं, आणि यात कसब ते काय? हातात सुरी असली की कुणीही शिवण उसवतो. खरं काम दुकानात, तातीवर. तिथं कापूस धुक्यासारखा वर उडतो, सरकी आणि कचरा खाली बसतो, आणि तातीच्या आवाजावरून कळतं की कापूस अजून किती गुंतलाय. तिथं युनूस पिंजारी होता. गिऱ्हाइकाच्या अंगणात तो नुसता एक धुळीनं माखलेला माणूस होता.

एका पौषात तुंगार्लीच्या वाटेवर मुंबईच्या एका ट्रस्टनं आरोग्यभुवन उभं केलं आणि त्यांचे सेक्रेटरी स्वतः टांग्यातून दुकानाशी उतरले. साठ खाटा होत्या. साठ गाद्या, साठ उशा, सगळ्या नव्या, होळीच्या आत. "काम पसंत पडलं तर दरवर्षीचं तुम्हालाच," असं म्हणून ते गेले. युनूसनं 'हो' म्हणून टाकलं आणि टांगा वळल्यावर त्याच्या लक्षात आलं की बंगल्यांच्या जुन्या गाद्याही होळीच्या आतच व्हायच्या आहेत, आणि माणसं घरात तीन: तो, अमिना आणि धाकटा भाऊ मकसूद.

मकसूद मुंबईत एका गादीवाल्याकडे चार वर्षं राहून आला होता. त्या चार वर्षांत तो काय शिकला हे ठाऊक नाही, पण तिथल्या मालकाकडे बघून मालक कसा असावा हे त्यानं ठरवून टाकलं होतं.

"भाई, मुंबईत मालक कापसाला बोट लावत नाही," तो म्हणाला. "एकाकडे उसवायला देतो, दुसऱ्याकडे पिंजायला, खोळी तिसरीकडे शिवून येतात. मालक नुसता ऑर्डर घेतो. आपणही सगळं बाहेर देऊ. पिंजायला तळेगावात यंत्र आलंय, इंजिनावर चालतं. तू आठ दिवसांत करतोस ते एका दिवसात होईल."

"यंत्र!" युनूस असा ओरडला की जणू मकसूदनं घर विकायला काढलं होतं. "तात बाहेर दिली तर माझं राहिलं काय? पाटीवर पिंजारी लिहायचं आणि पिंजायचं दुसऱ्यानं?"

"मग साठ गाद्या तू एकटा पिंजणार?"

"पिंजेन."

"आणि बंगल्यांच्या?"

युनूस उठून तातीपाशी गेला. दोन दिवस तो कामात असूनसुद्धा नसल्यासारखा होता. जेवताना घास हातात धरून बसायचा. काय घरात ठेवावं आणि काय सोडावं? उसवणं, कापूस निवडणं, पिंजणं, भरणं, टाके घालणं. एकेक काम तो मनात उचलून बघायचा आणि ते दुसऱ्याच्या हातात दिलं तर आपलं काय जाईल हे स्वतःला विचारायचा. पिंजणं दिलं तर नाव जाईल. भरणं दिलं तर कोपरे पोकळ राहतील, तेही नाव जाण्यातलंच. टाके अमिनाचे, आणि अमिनाच्या टाक्याला हात लावायची त्याची छाती नव्हती. उरलं काय, तर उसवणं आणि निवडणं. त्यात जाण्यासारखं त्याला काहीच दिसेना. धूळ जाईल, एवढंच.

"उसवायचं आणि निवडायचं बाहेर देऊ," तिसऱ्या दिवशी त्यानं निकाल दिला. "बाकी घरात."

अमिना खोळ शिवत होती. सुईवरून नजर न काढता ती म्हणाली, "बंगल्यातल्या बायका विचारतात, तुमचा माणूस कधी येणार उसवायला, आम्ही समोर बसतो. त्यांना काय सांगू?"

"सांग, गाडी येईल न्यायला. त्यांचाही वेळ वाचेल."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बहुतेक बायकांना बरंच वाटलं.

काम गेलं मळवलीला. तिथल्या शालूबाई गोधड्या शिवण्यात पंचक्रोशीत नावाजलेल्या. भात झोडून झालं होतं आणि बायकांचे हात रिकामे होते. शालूबाई आणि त्यांच्या आळीतल्या तिघी तयार झाल्या. युनूस स्वतः जाऊन सगळं समजावून आला. एका गादीचा कापूस दुसरीत मिसळायचा नाही, ज्याचा त्याच्याच खोळीत बांधायचा. अंगठी, नाणं, बटण, किल्ली, जे निघेल ते डब्यात ठेवायचं आणि कुठल्या गादीतलं ते लक्षात ठेवायचं. बाकी काडी, चिंधी, कचरा टाकून द्यायचा. हे त्यानं दोनदा सांगितलं. शालूबाईंनी मान डोलावली.

आणि काम खरोखर छान चाललं. गेणूची बैलगाडी सोमवारी गाद्या घेऊन जायची आणि शुक्रवारी स्वच्छ निवडलेला कापूस घेऊन यायची. सोबत डबा. पहिल्या आठवड्यात डब्यात चांदीचं एक जोडवं आणि पितळी किल्ली आली, दुसऱ्या आठवड्यात चवलीचं नाणं आणि कानातला मोती. ज्याचं त्याला पोचतं झालं. मोत्याची मालकीण तर इतकी हरखली की तिनं दुकानात पेढे पाठवले. युनूसनं त्यातले चार गेणूबरोबर मळवलीला पाठवले आणि तातीपाशी बसून दिवसभर पिंजलं. अंगणात ताटकळणं नाही, माळ्यांच्या गप्पा नाहीत. आपण फार शहाणपणाचा निकाल दिला असं त्याला वाटत होतं, आणि असं वाटणारा माणूस जसा वागतो तसाच तो वागत होता. मकसूदला उठताबसता सांगायचा, "काय सोडावं हे कळायला अक्कल लागते."

फाल्गुन लागला त्या आठवड्यात कस्तुराबाई दुकानात आल्या.

कस्तुराबाई म्हणजे रेल्वेतले गार्ड महिपतराव यांच्या पत्नी. महिपतरावांनी घाटात पंचवीस वर्षं गाड्या चढवल्या-उतरवल्या आणि पेन्शनीत निघून भांगरवाडीत लहानसं घर बांधलं. घराला दोन वर्षं झाली नाहीत तोवर त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दीड वर्ष अंथरुणावर काढून ते कार्तिकात वारले. त्यांची गादी माघात उसवायला आली होती. युनूसनं ती फार जीव लावून पिंजली होती, कारण महिपतराव दुकानात बसून तातीचा आवाज ऐकणारे माणूस होते. असं गिऱ्हाईक हजारात एक.

"या बाई, बसा," तो उठून उभा राहिला. "गादी ठीक आहे ना?"

"गादी फार चांगली झाली." कस्तुराबाई बसल्या नाहीत. "एक विचारायचं होतं. गादीत काही निघालं होतं का?"

"काही निघालं असतं तर पोचतं केलं असतं, बाई."

"ते मला माहीत आहे. तसं नाही म्हणत मी." त्यांनी पदर सावरला. "हे गेले त्याच्या आधी तीन-चार महिने सारखा डावा हात गादीवर मारायचे. भिंतीकडच्या अंगाला. मी विचारायचे, टोचतं का हो? ते नाही अशी मान हलवायचे. डॉक्टर म्हणाले, मेंदूवर परिणाम झालाय, लक्ष देऊ नका. परवा मी पहिल्यांदा त्या गादीवर पडले. भिंतीकडे हात गेला, आणि मला एकदम वाटलं, आत काही ठेवलं असेल का यांनी? म्हणून विचारते. तुम्ही उसवलीत तेव्हा काय होतं आत?"

युनूसनं तोंड उघडलं. 'काही नव्हतं बाई,' हे वाक्य जिभेवर तयार होतं. आजवर हजार वेळा म्हटलेलं. पण ते बाहेर येईना. त्या दोन डोळ्यांसमोर त्याला पहिल्यांदा कळलं की आपण ते बघितलंच नाही.

"उद्या सांगतो," तो म्हणाला. "गादी मळवलीला उसवली. विचारून सांगतो."

"मळवलीला?" कस्तुराबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. पण तो शब्द युनूसच्या कानात त्यानंतर बराच वेळ राहिला.

दुपारच्या गाडीनं तो मळवलीला उतरला. शालूबाईंच्या ओसरीवर कापसाचा ढीग होता आणि चौघी जणी तोंडाला पदर बांधून निवडत बसल्या होत्या. त्याला अवेळी आलेला बघून शालूबाई उठल्या.

"युनूसभाऊ, आज हिकडं कसं काय? कापूस कमी भरला का?"

"कापूस बरोबर हाय. भांगरवाडीच्या रेल्वेवाल्या बाईंची गादी ध्यानात हाय का? निळ्या पट्ट्याची खोळ."

"न ध्यानात राह्यला काय झालं? एका अंगाची शिवण आधीच इसकटल्याली व्हती तिची. हात जाईल येवडी."

"त्यात काय निघालं?"

"काय बी न्हाई. डब्यात टाकाजोगं काय न्हवतं."

"आणि डब्यात न टाकण्याजोगं?"

शालूबाईंनी तोंडावरचा पदर सोडला. "कागूद व्हता येक. घडी घातल्याला. पेन्सलीनं कायबाय वडल्यालं. आमाला वाचाया कुटं येतंया, पर पोस्टाच्या कागदावर असतं तसं सुदं न्हवतं बगा. पोरानं रेघुट्या माराव्या तसं, वाकडंतिकडं. मी म्हनलं, घरात बारकं पोर असंल, त्यानं कोंबलं आसंल. चुलीत घातला." त्यांनी युनूसच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांचा आवाज उतरला. "का वो भाऊ? काय चुकलं का माजं? तुमीच म्हनला व्हता, काडी-चिंधी-कचरा..."

"मीच म्हणलो होतो," युनूस म्हणाला.

आणि ते खरं होतं. त्यानं दागिन्याचं सांगितलं, नाण्याचं सांगितलं, बटणाचंसुद्धा सांगितलं. कागदाचं सांगितलं नाही. आपण स्वतः उसवत असतो तेव्हा कागद निघाला तर काय करायचं हे कुणी सांगावं लागत नाही. तो आपोआप चटईच्या कोपऱ्यावर जातो, आणि समोर बसलेली बाई तो उचलून उलगडते. त्या बायांना तेवढंच कळलं होतं जेवढं त्यानं सांगितलं, आणि त्यानं तेवढंच सांगितलं जेवढं त्याला काम वाटत होतं.

ती वाकडी अक्षरं पोराची नव्हती हे त्याला सांगायला कुणी नको होतं. उजवा हात गेलेल्या माणसानं डाव्या हातानं लिहिलं होतं ते.

घरी आल्यावर त्यानं अमिना आणि मकसूदला सगळं सांगितलं. मकसूदनं क्षणभरसुद्धा विचार केला नाही.

"सांगून टाक, काही नव्हतं. भाई, त्या कागदात काय होतं हे आता कुणाला कळणार आहे? तुला नाही, त्या मळवलीवालीला नाही. सांगितलंस तर बाईच्या जिवाला कायमचा घोर. आणि गावात बोभाटा होईल तो वेगळा. पिंजाऱ्यानं गिऱ्हाइकाचा कागद चुलीत घातला! सेक्रेटरीच्या कानावर गेलं तर? त्या शालूबाईला उद्या कोण काम देईल?"

मकसूद मूर्ख नव्हता, हीच अडचण होती. त्याचा प्रत्येक शब्द खरा होता. युनूस रात्रभर कूस बदलत राहिला. काही नव्हतं असं सांगितलं तर कस्तुराबाई विश्वास ठेवतील, यात त्याला शंका नव्हती. नवऱ्याचा हात उगीच गादीवर पडत होता, डॉक्टर म्हणाले तेच खरं, असं धरून त्या शांतपणे त्या गादीवर निजतील. आणि त्यांनी विश्वास ठेवावा म्हणूनच तर त्या आपल्याकडे आल्या. अब्बांनी हा धंदा त्याला दिला तेव्हा पिंजण दिलं, तात दिली, असं तो समजत होता. त्याच्याबरोबर आणखी एक वस्तू दिली होती. 'एवढंच होतं' असं म्हणायचा हक्क. तो गेणूच्या बैलगाडीत घालून आपण मळवलीला पाठवला, आणि वर स्वतःला शहाणा म्हणवून घेतलं.

पहाटे अमिना उठली तेव्हा तो अंगरखा घालून तयार होता. "सांगणार?" तिनं विचारलं. त्यानं मान डोलावली. "मग चहा घेऊन जा," ती म्हणाली, आणि याहून जास्त काही बोलली नाही.

कस्तुराबाई पुढच्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. युनूस पायरीवरच बसला. वाटेत त्यानं पुष्कळ जुळवाजुळव केली होती. आता त्यातलं काही आठवेना, तेव्हा त्यानं जसं घडलं तसं सांगून टाकलं. कागद होता. घडी घातलेला होता, एका अंगाच्या आधीच फाटलेल्या शिवणीतून आत सारलेला. पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, वाकडंतिकडं. तो जाळला.

"त्या बाईची चूक नाही," तो म्हणाला. "कागद ठेवा असं मी सांगितलंच नव्हतं. मी आलो असतो तर तुमच्यासमोर उसवली असती. मी आलो नाही. माझ्या हातून गेला तो कागद, बाई."

कस्तुराबाईंचा हात सुपात तसाच राहिला. युनूसला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी ओरडावं अशी त्याची फार इच्छा होती.

"डाव्या हातानं," त्या म्हणाल्या. "गार्डाची पेन्सिल मला त्यांच्या उशाखाली सापडली होती. मी म्हटलं, सवय आहे, असू दे." मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "म्हणजे डोकं शाबूत होतं त्यांचं. शेवटपर्यंत होतं. सगळे म्हणत होते, गेलंय. मीसुद्धा तेच धरून चालले."

"बाई, माझं चुकलं."

"तुमचं चुकलंच." त्यांनी हे इतक्या साधेपणानं म्हटलं की युनूसला बरं वाटलं. "पण एक सांगू का? त्यांनी तो कागद तिथं का ठेवला, याचा मी विचार करतेय. कुणाला सापडावा म्हणून? अंथरूण झटकणाऱ्याला. रोज सकाळी अंथरूण झटकताना त्या फाटलेल्या शिवणीत हात गेला असता. त्यांना वाटलं, ते काम मी करते."

"म्हणजे?" युनूसनं विचारलं.

"मी करत नव्हते. भिमाजी म्हणून एक माणूस ठेवला होता. त्यांना उचलणं, पुसणं, अंथरूण बदलणं, सगळं तो करायचा. मनापासून करायचा बिचारा. तो त्यांना एका कुशीवर घ्यायचा, वरची चादर बदलायचा, संपलं. तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. औषध मी द्यायचे, जेवण मी भरवायचे, पोथी मी वाचून दाखवायचे. तेवढं अंथरुणाचं मला बघवत नव्हतं. म्हटलं, ते एक काम माणसाकडून करून घेतलं तर काय बिघडलं? त्यात काय एवढं? दीड वर्षात ती शिवण उसवलेली मला दिसली नाही हो, युनूस. तुम्ही मळवलीला पाठवलीत. मी तर त्याच घरात होते."

त्या रडायला लागल्या. युनूसला काय करावं कळेना. परक्या घरच्या पायरीवर बसलेला माणूस तो, उठूनही जाता येईना आणि धीरही देता येईना. आतून मोलकरणीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. रडं ओसरल्यावर कस्तुराबाईंनी डोळे पुसले आणि माणूस उगीच काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो तसं त्या म्हणाल्या, "पिंजलीय मात्र फार छान. एक गोळा लागत नाही कुठं."

जन्मात युनूसनं इतकी स्तुती ऐकली असेल, पण मान खाली घालावी लागली ती याच स्तुतीनं.

दुकानात परतल्यावर त्यानं पिंजण खुंटीवरून काढलं, तात बोटानं एकदा छेडली आणि परत खुंटीला टांगलं. मकसूद तोंडाकडे बघत होता.

"तळेगावच्या यंत्रवाल्याला जाऊन भेट," युनूस म्हणाला. "आरोग्यभुवनाचा राहिलेला कापूस त्याच्याकडे पिंजायला टाक. बंगल्यांचासुद्धा. प्रत्येकाचा वेगळा बांधून द्यायचा, आणि पिंजताना तू तिथं उभं राहायचं."

"आणि तू?"

"मी उसवणार. ज्याच्या त्याच्या अंगणात."

मकसूदला हसावं की रडावं कळेना. "भाई, लोणावळ्यात तुझ्यासारखं पिंजणारा दुसरा नाही, आणि तू ते यंत्राला देतोस? उसवायला तर कुणीही चालतं!"

"पिंजायला कुणीही चालतं," युनूस म्हणाला. हे वाक्य उच्चारताना त्याला किती त्रास झाला हे फक्त अमिनाला दिसलं. ती उठून आत गेली.

ही गोष्ट पुढं बाजारात पसरली तेव्हा लोक हसले. दाणेवाला तर सकाळचे आठ वाजले की दुकानाबाहेर येऊन बघायचा, आवाज का येत नाही म्हणून. वर्षानुवर्षं ज्या आवाजाला त्यानं शिव्या दिल्या त्याच्याशिवाय त्याचं वजन चुकायला लागलं होतं, असं तो म्हणे. यंत्राचा कापूस वाईट नव्हता. युनूसच्या हातचा नव्हता, एवढंच. गाद्या तीन पावसाळ्यांऐवजी दोन टिकल्या. युनूस ते गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकी.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी त्याला मळवलीला जाऊन शालूबाईंना सांगायचं होतं. आरोग्यभुवनाच्या साठ गाद्या भरून टाके घालायला अमिना एकटी पुरणार नव्हती, तेव्हा शिवणकाम आता मळवलीला द्यायचं ठरलं होतं. अमिनानं स्वतः ते सुचवलं होतं. हे ऐकून शालूबाईंना आनंद होईल अशी त्याची समजूत होती. त्या ओसरीवर उभ्याच राहिल्या.

"म्हंजी उसवायचं काडून घेतलं आमच्याकडनं," त्या म्हणाल्या. "माज्यावर इस्वास न्हाई ऱ्हायला, व्हय ना भाऊ? मोती धाडला, जोडवं धाडलं, आन येका कागदापायी..."

"तसं नाही, शालूबाई. माझा विश्वास तुमच्यावर आजही हाय. पण तो माझा मला हाय. बाई मला विचारती, काय निघालं म्हणून. तुमच्यावरचा माझा विश्वास मी तिला कसा देऊ? तिला मी माझ्या डोळ्यानं बघितलेलं पाहिजे."

"ते बी खरंच," शालूबाई म्हणाल्या, आणि त्यानं आणलेलं खोळींचं गाठोडं ओसरीवर ओढून घेतलं. युनूस निघायला वळला तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली.

"भाऊ, लय वंगाळ झालं बगा. येवडासा तर कागूद. त्याच्यावर घोटभर च्या बी तापला न्हाई. भुरकन पेटला आन इजला."

युनूसनं कस्तुराबाईंना सगळं खरं सांगितलं होतं. एवढं मात्र त्यानं त्यांना कधीच सांगितलं नाही.